टीव्हीशिवायची संध्याकाळ : सात ते दहा घरात करायचं काय?

टीव्ही बंद करणं सोपं आहे. खरी अडचण येते ती दुसऱ्या दिवशी दिवेलागणीनंतर. मुलं खेळून आलेली असतात, कुकर लागलेला असतो, आजींची मालिकेची वेळ झालेली असते, ऑफिसातून दमून आलेला माणूस सोफ्यावर टेकतो आणि समोर काहीच नसतं. बऱ्याच घरांत टीव्ही परत सुरू होतो तो याच घटकेला. म्हणून टीव्ही चांगला की वाईट या वादात मी शिरत नाही. संध्याकाळच्या त्या तीन तासांत काय करायचं, कोणत्या क्रमानं करायचं आणि गाडी कुठे अडते, तेवढंच सांगते.

आमच्या घरात बरीच वर्षं टीव्ही नाही. घर ठाण्यात, माणसं पाच : आम्ही दोघं नोकरी करणारे, दोन मुलं आणि सासूबाई. हे मुद्दाम सांगते, कारण "एकत्र राहणाऱ्या घरात हे जमायचं नाही" असं फार जण म्हणतात. जमतं. माणसं जास्त असली की पत्त्यांचा डाव उलट चांगला रंगतो.

एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. टीव्हीच्या जागी संस्कारवर्ग आणू नका. टीव्ही गेला म्हणून लगेच श्लोक, पाढे, योगासनं, इंग्रजी वाचन असं वेळापत्रक भिंतीवर लावणारी घरं मी पाहिली आहेत. आठवड्याभरात मुलं कंटाळतात आणि मोठी माणसं त्यांच्याही आधी. दिवसभर राबलेल्या माणसाला विसावा हवा असतो, आणि तो हक्काचा आहे. संध्याकाळी जे करायचं ते बसल्या जागी, तयारीशिवाय सुरू करता यायला हवं. ते टीव्ही लावण्याइतकं सोपं नसेल तर टिकणार नाही.

आधी जमवायचं सामान

टीव्ही बंद करण्यापूर्वी हे घरात आलेलं असू द्या. नंतर आणू म्हटलं की राहतं.

- पत्त्यांचे दोन कॅट. प्लास्टिकचे घ्या, कागदी लवकर दुमडतात आणि मग खुणेचे होतात.
- एक मोठी सतरंजी, हॉलमध्येच गुंडाळून ठेवलेली.
- चार कवड्या किंवा चिंचोके, आणि खडू.
- जागा असेल तर कॅरम आणि बोरिक पावडरचा डबा.
- रेडिओ (कोणता, ते पुढे आहे).
- वाचायला बसण्यासाठी एक स्वतंत्र दिवा.
- मोबाइल ठेवायला झाकणाची परडी किंवा डबा.
- कोरे कागद आणि पेन्सिली. डावाचे गुण मांडायला, नाव-गाव-फळ-फूल खेळायला, चित्रं काढायला हेच लागतात.

### १. घरात बोला आणि तारीख ठरवा

हा निर्णय एकट्यानं घेऊन बाकीच्यांना कळवायचा नसतो. जेवायच्या वेळी विषय काढा, प्रत्येकाला विचारा : "टीव्हीवरचं नेमकं काय चुकल्यासारखं वाटेल?" उत्तरं वेगवेगळी येतील. कुणाला बातम्या, कुणाला क्रिकेट, कुणाला एकच एक मालिका, आणि कुणाला फक्त घरात आवाज हवा असतो. ही उत्तरं कागदावर लिहा. पुढे प्रत्येकाची वेगळी सोय करावी लागते, ती या कागदावरून.

तारीख विचारानं निवडा. परीक्षेच्या तोंडावर नको. मार्चअखेर ते मे आयपीएल असतं, तेव्हा तर मुळीच नको. माझ्या मते दिवाळीची सुट्टी सगळ्यात चांगली. मुलं किल्ला करण्यात गुंतलेली असतात, फराळाला बारा हात लागतात, आकाशकंदील करायचा असतो, पाहुणे येतात आणि वाचायला दिवाळी अंक असतात. संध्याकाळ आपोआप भरलेली असते. ते पंधरा दिवस गेले की घराला सवय लागायला लागते.

अख्ख्या घरानं एकदम सोडायला तयारी नसेल तर वेळ ठरवून सुरुवात करा. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं हेच केलं. तिथे १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला, की टीव्ही आणि मोबाइल बंद, आणि साडेआठला परत भोंगा. दीड तास मुलांचा अभ्यास, वाचन, एकमेकांशी बोलणं. त्यासाठी शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशाताई घरोघर समजावत फिरल्या. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की वेळ सगळ्यांची एकच होती. शेजारच्या घरातून मालिकेचं संगीत ऐकू येत नसेल तर आपल्या घरातलं मूल निम्मं शांत असतं. तुमच्या मजल्यावरची दोन-तीन घरं जरी तयार झाली तरी काम हलकं होतं.

### २. आजी-आजोबांची सोय आधी लावा

ही पायरी गाळून पुढे जाल तर घरात भांडण ठरलेलं.

दिवसभर घरात एकट्या असणाऱ्या ज्येष्ठ माणसाला टीव्ही ही सोबत असते. घरात कुणाचा तरी आवाज येत राहतो, वेळेचं भान राहतं, संध्याकाळी शेजारणीशी बोलायला विषय मिळतो. आपण सकाळी आठला बाहेर पडून रात्री घरी येणार आणि त्यांची सोबत काढून घेणार, हे बरोबर नाही. आपण त्यांना जे देऊ ते त्या सोबतीच्या तोडीचं हवं.

पहिलं काम : चष्मा तपासून घ्या. "हल्ली वाचवत नाही गं" म्हणणाऱ्या कितीतरी माणसांचा नंबर बदललेला असतो किंवा मोतीबिंदू आलेला असतो, आणि टीव्ही मोठा दिसतो म्हणून ती टीव्ही बघतात. सासूबाईंना नवा चष्मा आणि खुर्चीच्या डाव्या खांद्यावरून उजेड पडेल असा दिवा मिळाल्यावर त्या वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचू लागल्या. अग्रलेखावरचं त्यांचं मत आम्हाला रोज जेवताना ऐकायला मिळतं.

दुसरं : दुपारची सोय. जवळचा ज्येष्ठ नागरिक संघ, भजनी मंडळ, देवळातलं कीर्तन, यांपैकी त्यांना जे आवडेल ते. पोचवायला-आणायला माणूस लागत असेल तर ते आधी ठरवा. नुसतं "जात जा ना" म्हणून कुणी जात नाही.

तिसरं : मालिका खरोखर जिवाभावाची असेल तर ती राहू द्या. त्यांच्या खोलीत छोटा संच, ठरलेली वेळ, दार लोटलेलं. हॉलमधला टीव्ही गेला तरी नव्वद टक्के काम होतं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला नियमात बसवण्यात कुणाचंच भलं नाही.

### ३. केबल किंवा डीटीएच रीतसर बंद करा

यात फार सांगण्यासारखं नाही, पण पैसे अडकण्याच्या जागा आहेत.

हाताशी ठेवा : ग्राहक क्रमांक, शेवटच्या बिलाची पावती, सेट टॉप बॉक्सवरचा नंबर, अनामत भरली असेल तर तिची पावती, आणि बंद करण्याच्या अर्जाच्या दोन प्रती. एक त्यांना द्या, दुसरीवर पोच घ्या.

बॉक्स भाड्याचा असेल तर परत देताना लेखी पावती घ्या. विकत घेतलेला असेल तर तो तुमचा आहे, कुणी मागितला म्हणून देऊन टाकू नका. इंटरनेट आणि वाहिन्या एकाच पॅकेजमध्ये असतील तर एक बंद केल्यावर दुसऱ्याचा दर बदलतो का, ते आधी विचारा. आणि बँकेतून किंवा यूपीआयवरून आपोआप पैसे जात असतील तर ती ऑटोपेची परवानगी स्वतः रद्द करा. सेवा बंद होऊनही पैसे जात राहतात ते यामुळेच. ओटीटीच्या वर्गण्याही त्याच बैठकीत तपासा.

संच लगेच विकू नका. बांधून माळ्यावर किंवा कपाटामागे ठेवा. एलईडी संच उभाच ठेवायचा, आडवा टाकला तर पडद्यावर भार येतो.

### ४. हॉलची मांडणी बदला

आपल्या हॉलमधल्या सगळ्या खुर्च्यांची तोंडं एकाच भिंतीकडे असतात. टीव्ही काढला आणि मांडणी तशीच ठेवली की माणसं रिकाम्या भिंतीकडे बघत बसतात आणि हात खिशातल्या मोबाइलकडे जातो.

सोफा आणि खुर्च्या समोरासमोर करा. मधलं टीपॉय एका कडेला सरकवा, म्हणजे सतरंजी अंथरायला जमीन मोकळी होते. बसायची जागा जमिनीवर असली की लहान मूल आणि आजोबा एकाच डावात बसू शकतात (गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांसाठी बुटका स्टूल ठेवा). टीव्हीच्या भिंतीवर उघडी फळी लावा आणि पत्ते, पुस्तकं, कॅरमच्या सोंगट्या मुलांच्या हाताला येतील अशा उंचीवर ठेवा. कपाटात बंद केलेला खेळ कुणी काढत नाही.

### ५. मोबाइलची जागा ठरवा

सगळ्यात मोठा सापळा हाच. टीव्ही गेला आणि पाच माणसं पाच मोबाइल घेऊन पाच कोपऱ्यांत बसली, तर त्यापेक्षा टीव्ही बरा. निदान तो सगळे मिळून बघत होतो.

आमचा नियम असा आहे : साडेसात ते साडेनऊ सगळ्यांचे फोन दाराजवळच्या परडीत, आवाज चालू ठेवून. फोन आला तर उठून तिथेच उभं राहून बोलायचं. उभ्यानं बोललं की बोलणं लवकर संपतं. ऑफिसचं काम खरंच असेल तर ते टेबलाशी बसून, सगळ्यांना सांगून करायचं. आणि नियम आधी मोठ्यांना लागू. बाबांचा फोन खिशात असेल तर मुलांच्या फोनबद्दल बोलायचा अधिकार राहत नाही.

घरात दोन-तीन वर्षांचं मूल असेल आणि ते पडद्यासमोरच जेवत असेल, तर ते वेगळं काम समजा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचना सांगतात, की एका वर्षाच्या मुलांना पडदा नकोच आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात एक तासाच्या आत, कमी तितकं चांगलं. सवय मोडताना पहिले काही दिवस मूल कमी जेवतं. त्याला सगळ्यांच्या पंगतीत बसवा, वेगळी ताटली द्या, सांडू द्या. वजनाची काळजी वाटली तर बालरोगतज्ज्ञांना विचारा, पण घाबरून दुसऱ्याच दिवशी मोबाइल पुढे धरू नका.

### ६. सात ते साडेआठ : हातांना काम

ही वेळ अवघड असते. स्वयंपाकघरात एक माणूस राबतंय आणि बाकीचे रिकामे, अशीच बहुतेक घरांची स्थिती. त्यावर उपाय स्वयंपाकघरातच आहे. निवडणं, सोलणं, मोडणं ही कामं हॉलच्या सतरंजीवर आणा.

आमच्याकडे डाळिंब्यांचा दिवस मुलांना पाठ आहे. कडवे वाल आदल्या दिवशी भिजत घालायचे, मग उपसून कापडात घट्ट बांधून मोड आणायचे. सोलायच्या आधी कोमट पाण्यात टाकले की साल सैल होतं. मग परात मध्ये ठेवून सगळे भोवती बसतात. वाल दोन बोटांत धरून मोडाच्या बाजूनं सालाला टोक मारायचं आणि दाबायचं, डाळिंबी पिचकन बाहेर उडते. ती परातीत पडली पाहिजे, दाणा मोडला नाही पाहिजे. लहान मुलांना हे फार आवडतं आणि त्यांची बोटं बारीक असल्यामुळे त्यांना जमतंही छान. पाच जणांची उसळ सोलायला एकट्या बाईला जो वेळ लागतो, त्यात सगळ्यांच्या गप्पा होतात. मुलीच्या शाळेत काय चाललंय हे मला अशाच बैठकीत कळतं. समोर बसवून "आज काय झालं?" विचारलं की "काही नाही" हेच उत्तर मिळतं. हात कामात असले की ती आपणहून बोलते.

थंडीत मटार आणि पावट्याच्या शेंगा असतात, पावसाळ्यात निवडायला वेळ लागणाऱ्या पालेभाज्या, श्रावणात वाती वळणं, उन्हाळ्यात पापड-कुरडयांची वाळवण. यात पुरुषांना आणि मुलग्यांना पहिल्या दिवसापासून घ्या. ते बाजूला बसून राहणार असतील तर घरातल्या बाईचं काम तेवढंच राहतं, आणि तिचा टीव्ही मात्र गेलेला असतो. असा सौदा कुणी का पत्करावा?

### ७. जेवणानंतरचा तास : डाव मांडा

हाच खरा करमणुकीचा तास. खेळ माणसांच्या संख्येवरून निवडायचा.

तीन माणसं असतील तर पाच-तीन-दोन. एक्क्यापासून अठ्ठीपर्यंतची सगळी पानं आणि इस्पिक व बदामची सत्ती, अशी ३० पानं. प्रत्येकाला दहा. हुकूम (बाकी रंगांवर मात करणारा रंग) बोलणाऱ्यानं पाच हात करायचे, म्हणजे पाच फेऱ्यांची पानं जिंकायची, वाटणाऱ्यानं दोन, तिसऱ्यानं तीन. ज्याचे हात कमी पडले त्याच्याकडून पुढच्या डावात पानं ओढली जातात.

चार असतील तर मेंढीकोट. समोरासमोरचे भिडू. चार दश्श्या म्हणजे मेंढ्या, त्या आपल्या हातात ओढायच्या. तीन आल्या की डाव जिंकला, चारही आल्या की मेंढीकोट. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात जास्त ते जिंकले. नवशिक्यांनी कट हुकूम खेळावा : ज्या रंगाची उतारी झाली, म्हणजे फेरीतलं पहिलं पान पडलं, तो रंग ज्याच्याकडे नाही, त्यानं टाकलेल्या पानाचा रंग हुकूम ठरतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला आजोबांचा भिडू करा. कोणती पानं गेली ते लक्षात ठेवायला ते मूल आपोआप शिकतं.

पाच किंवा जास्त असतील तर बदाम सात. सगळी पानं वाटून टाकायची. बदाम सत्ती ज्याच्याकडे तो सुरुवात करतो. मग तिच्या वर अठ्ठी, खाली छक्की, किंवा दुसऱ्या रंगाची सत्ती. लावायला पान नसेल तर पास. सोपा वाटतो, पण खरी गंमत पान अडवून ठेवण्यात आहे. आमच्याकडे चौकट सत्ती सासूबाईंकडे गेली की बाकीच्यांचं काही खरं नसतं. त्या शांतपणे इस्पिक लावत राहतात आणि नातू राजा-राणी हातात धरून ओरडतो, "आजी, सत्ती तूच दाबून बसलीयेस!"

पत्ते नको असतील तर अष्टचंग मांडा. फरशीवर खडूनं पाच बाय पाच घरं आखा. चारही बाजूंच्या मधल्या घरांत आणि मध्यभागी फुली. प्रत्येकाच्या चार सोंगट्या, त्यासाठी बटणं, शेंगदाणे, तुरीचे दाणे काहीही चालतं. चार कवड्या टाकायच्या, जितक्या उताण्या तितकं दान. चारही उताण्या पडल्या तर चार, चारही पालथ्या पडल्या तर आठ, आणि दोन्हींना पुन्हा दान. फुलीच्या घरात सोंगटी मरत नाही. दुसऱ्याची एक सोंगटी मारल्याशिवाय आतल्या फेरीत जाता येत नाही. कवड्या मिळाल्या नाहीत तर चिंचोके घ्या. ओल्या खरबरीत दगडावर एक बाजू घासत राहा, तपकिरी साल जाऊन आतलं पांढरं उघडं पडतं. मुलांना घासायला बसवलं की अर्धा तास त्यातच जातो. घराघरात नियम थोडे बदलतात, तुमच्या आजीचे जे असतील तेच खरे माना.

खेळताना तीन गोष्टी सांभाळा. पैसे लावायचे नाहीत, शेंगदाण्यांवर खेळा. मूल हरलं म्हणून मुद्दाम जिंकू देऊ नका, त्याला ते लगेच कळतं. आणि डाव रंगात आला तरी ठरलेल्या वेळी मोडा. उद्या पुन्हा बसायची ओढ राहते ती त्यामुळेच.

रोज खेळच हवा असं नाही. गाण्याच्या भेंड्या आहेत, गच्चीवर शतपावली आहे. काही रात्री कुणीच काही करत नाही, नुसते लोळत पडतात, आणि तेही चांगलं असतं. मूल "कंटाळा आला" म्हणालं तर लगेच धावू नका. थोडा वेळ कंटाळू द्या, ते स्वतःच काहीतरी काढतं.

### ८. वाचनालयाचे सभासद व्हा

पुस्तकं विकत घेऊन घर भरण्यापेक्षा वाचनालय बरं, कारण परत करायची तारीख असली की पुस्तक वाचलं जातं. आपल्याकडे वाचनालयांची परंपरा मोठी आहे : रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. गोव्यात पणजीचं कृष्णदास शामा ग्रंथालय १८३२ पासूनचं. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर शासनमान्य वाचनालयं लहान गावांतही निघाली. तुमच्या जवळ एखादं असण्याची शक्यता बरीच आहे, बहुधा एखाद्या जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर.

साधारणपणे लागणारी कागदपत्रं : आधार कार्डाची किंवा पत्त्याच्या इतर पुराव्याची प्रत, दोन फोटो, भरलेला अर्ज, अनामत आणि वर्गणी. काही ठिकाणी जुन्या सभासदाची सही मागतात, ती शेजाऱ्यांकडे मिळते. अनामतीची पावती जपून ठेवा, सभासदत्व सोडताना ती दाखवावी लागते.

सभासद होतानाच तीन प्रश्न विचारा. बालविभाग वेगळा आहे का? ज्येष्ठांना पुस्तक घरपोच मिळतं का? आणि दिवाळी अंकांची योजना आहे का? ही योजना फारच सोयीची असते. एकदा ठरावीक रक्कम भरली की पुढचे काही महिने अंक बदलून वाचता येतात. १९०९ मध्ये 'मनोरंजन'नं पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही मराठी घरांची खास चैन आहे. पाच माणसांच्या घरात एकाच अंकातली कथा एकाला, लेख दुसऱ्याला आणि पाककृती तिसऱ्याला मिळते. मुलांसाठी बालभारतीचं 'किशोर' मासिक आहे, १९७१ पासून निघतंय.

वाचनालय जवळ नसेल, किंवा तुम्ही परदेशात असाल, तर पेटीची युक्ती करा. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमात पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांमध्ये फिरतात, आणि त्या परदेशातही पोचल्या आहेत. हेच पाच-सहा ओळखीच्या घरांत करता येतं. प्रत्येकानं चार-पाच पुस्तकं द्यायची आणि पेटी दर महिन्याला पुढच्या घरी.

एक सूचना : मोठ्यानं वाचा. घरातला एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात, कुणी कपड्यांच्या घड्या घालतं. विनोदी कथा सगळ्यात चांगल्या चालतात. वाचणारा मध्येच हसू लागला की सगळे हसतात.

### ९. रेडिओ घ्या

ज्यांना घरात नुसता आवाज हवा असतो त्यांच्यासाठी हा उपाय, आणि बातम्यांसाठीही. घेताना फक्त एफएमचा संच घेऊ नका. मुंबई आकाशवाणीची अस्मिता वाहिनी मीडियम वेव्हवर ५५८ किलोहर्ट्झवर लागते, ती एफएमच्या संचावर मिळायची नाही. इमारतीत मीडियम वेव्हला खरखर येते. रेडिओ खिडकीशी ठेवा, मोबाइलचे चार्जर आणि एलईडी दिवे यांपासून लांब, आणि संच थोडा थोडा फिरवून बघा. एका दिशेला आवाज स्वच्छ येतो, तिथे खूण करून ठेवा. तेही जमलं नाही तर आकाशवाणीचं न्यूज ऑन एअर ॲप आहे. त्यासाठी फोन परडीतच ठेवून आवाज ब्लूटूथ स्पीकरवर घ्या.

विविध भारती १९५७ पासून चालू आहे आणि रात्री दहाचं छायागीत अजूनही दिवे मालवून ऐकण्यासारखं असतं. बातम्यांचं म्हणाल, तर सकाळचं एक प्रादेशिक बातमीपत्र आणि वर्तमानपत्र पुरतं. संध्याकाळच्या चर्चांमधली आरडाओरड गेली की घरातलं माणूस किती निवतं, ते महिन्याभरात दिसेल.

### १०. क्रिकेट आणि पाहुणे

सामन्यांवरून घरात रुसवे होतात, म्हणून आधीच ठरवा. रोजच्या सामन्याला आकाशवाणीचं धावतं समालोचन असेल तर ते ऐका. मोठा सामना असेल तर सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा टीव्ही असलेल्या मित्राकडे जा, आधी विचारून, आणि जाताना सगळ्यांना पुरेल एवढी भेळ घेऊन. चार घरं मिळून बघितलेला सामना जास्त मजेचा होतो.

पाहुणे आले आणि "टीव्ही कुठाय?" म्हणाले तर स्पष्टीकरण देत बसू नका. सतरंजी अंथरा, पानं पिसा आणि त्यांनाही वाटा. पन्नाशीच्या पुढच्या बहुतेक माणसांना मेंढीकोट येतो, आणि त्यांना कितीतरी वर्षांत कुणी खेळायला बोलावलेलं नसतं.

### ११. महिन्यानंतर परत बसा

पहिल्या दिवशी लिहिलेला कागद काढा. कुणाला काय चुकल्यासारखं वाटत होतं आणि त्याची सोय झाली का, ते एकेकाला विचारा. एखाद्याची झाली नसेल तर तेवढ्यापुरतं बदला, सगळा बेत मोडू नका. आठवड्यातून एक सिनेमा सगळ्यांनी मिळून लॅपटॉपवर बघायचा असं ठरलं, तर खुशाल बघा.

माळ्यावरच्या संचाचा निर्णयही तेव्हाच घ्या. चालू संच भंगारात देऊ नका. जवळचा ज्येष्ठ नागरिक संघ किंवा वृद्धाश्रम यांना हवा आहे का, ते विचारा, आणि देताना रिमोट आणि भिंतीवरचं ब्रॅकेटही सोबत द्या. बिघडलेला असेल तर ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रातच द्यायचा, घंटागाडीत टाकायचा नाही.